बाजार एक झाले की देशांचा कल्याणकारी खर्चही सारखा होत जातो का?

अर्थवाचक, सांगली

नमस्कार. मी सांगलीतील एका वरिष्ठ महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गाला सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवते. गेल्या आठवड्यात युरोपीय संघावरचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला की त्याचे समाधानकारक उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. अर्धवट उत्तर देऊन पुढे जाणे योग्य वाटले नाही, म्हणून प्रश्न इथे मांडत आहे.

या विद्यार्थ्याच्या घरची हळद दरवर्षी सांगलीच्या मार्केट यार्डात येते. त्याने वर्गात सौद्याचे वर्णन केले. अडत्याच्या दुकानासमोर पोते सोडून माल ओतला जातो, खरेदीदार एखादे हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मग बोली सुरू होते. पण बोली सुरू होण्यापूर्वीच निजामाबादला आणि इरोडला काल काय भाव निघाला हे त्याच्या वडिलांना, अडत्याला आणि खरेदीदारालाही मोबाइलवर कळलेले असते. त्यामुळे मालाची प्रत आणि वाहतूक यांचा फरक वगळला तर या तीन बाजारांतले भाव एकमेकांपासून फार काळ लांब राहू शकत नाहीत. त्याचा प्रश्न असा होता: "युरोपात माल, भांडवल आणि माणसे या तिन्हींच्या आड येणाऱ्या सीमा जवळजवळ उरलेल्या नाहीत, बहुतेक सदस्य देशांचे चलनही एकच आहे, तर मग तिथले म्हातारपणाचे पेन्शन, बेकारी भत्ता, सरकारी दवाखान्यांवरचा खर्च हेही हळूहळू एका पातळीवर यायला नकोत का?"

पाठ्यपुस्तकी उत्तर मला ठाऊक आहे. एक मत असे की भांडवल हवे तिथे जाऊ शकत असल्यामुळे प्रत्येक सरकार कर कमी करण्याच्या मागे लागते, आणि सगळ्यांचा खर्च खालच्या पातळीवर एकत्र येतो. दुसरे मत असे की व्यापार खुला झाला की लोकांच्या उत्पन्नाची अनिश्चितता वाढते, म्हणून संरक्षणाची मागणी वाढते आणि खर्च वर जातो. आकडे पाहिले तर दोन्ही मतांना छेद जातो. फ्रान्स आज जीडीपीच्या तीस टक्क्यांहून अधिक रक्कम सामाजिक बाबींवर खर्च करतो, आयर्लंडचे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी आहे, आणि हे दोन देश १९७३ पासून एकाच बाजारात आहेत. उलट, पोर्तुगाल आणि ग्रीस १९८० मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होते आणि आज दोघेही वीस टक्क्यांच्या वर आहेत. यातले कोणते चित्र खरे धरावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मुले हुशार आहेत, त्यांच्यासमोर मोघम बोलून चालणार नाही.

निवृत्त सांख्यिकी शिक्षक, सातारा

मॅडम, आपल्या विद्यार्थ्याचे मनापासून कौतुक. माझी एकच विनंती आहे की "सारखे होणे" म्हणजे काय मोजायचे हे आधी ठरवावे, कारण या विषयावरचे निम्मे वाद मोजमापातून निर्माण झालेले आहेत.

अर्थशास्त्रात अभिसरणाची दोन मोजमापे वापरतात. जे देश सुरुवातीला मागे होते त्यांचा खर्च पुढच्या देशांपेक्षा वेगाने वाढला का, हे पाहणे म्हणजे बीटा अभिसरण. सर्व देशांमधला पसारा एकूण कमी झाला का, हे पाहणे म्हणजे सिग्मा अभिसरण. पहिले झाले म्हणजे दुसरे होतेच असे नाही. एक देश १० टक्क्यांवरून २० वर गेला आणि दुसरा २० वरून १० वर आला, तर बीटा अभिसरण भरपूर दिसेल. दोघांतले अंतर मात्र होते तेवढेच राहील, फक्त जागा बदललेल्या असतील.

पसारा मोजण्यातही एक खाचखळगा आहे, आणि तो मी वर्गात नेहमी फळ्यावर करून दाखवत असे. समजा दोन देशांचे प्रमाण १० आणि २० आहे. सरासरी १५, प्रमाण विचलन (म्हणजे सरासरीपासूनचे साधारण अंतर) ५, म्हणून विचलनगुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, ३३ टक्के. पुढे दोघेही दहा अंकांनी वर गेले, म्हणजे २० आणि ३० झाले. प्रमाण विचलन अजूनही ५ आहे, पण सरासरी २५ झाल्यामुळे विचलनगुणांक २० टक्क्यांवर आला. अभ्यासक विचलनगुणांक वापरत असेल तर तो अभिसरण झाले असे लिहील, प्रमाण विचलन वापरत असेल तर झाले नाही असे लिहील, आणि दोघांचीही आकडेमोड बरोबर असेल. पश्चिम युरोपातले बहुतेक सगळे देश १९६० पासून पुढची तीन दशके एकत्रच वर चढत होते, त्यामुळे हा फरक तिथे प्रत्यक्षात फार महत्त्वाचा ठरतो.

आता भाजकाकडे, म्हणजे जीडीपीकडे वळू. आपण आयर्लंडचे उदाहरण दिले आहे, म्हणून सांगतो. २०१५ या एकाच वर्षात त्या देशाचा जीडीपी सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. आयरिश माणसाचे उत्पन्न एका वर्षात एवढे वाढलेले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आणि इतर मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. तेथील सांख्यिकी कार्यालयाला त्यानंतर सुधारित राष्ट्रीय उत्पन्न असा वेगळा आकडा प्रसिद्ध करावा लागला. या सुधारित उत्पन्नाने भागले तर आयर्लंडचा सामाजिक खर्च आपल्याला वाटतो तितका कमी दिसत नाही.

ग्रीसच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने झाले. २००८ नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांची अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आकसली, आणि त्याच काळात पेन्शनमध्ये पुन्हा पुन्हा कपात झाली. आकड्यात काय दिसते ते कल्पित उदाहरणाने पाहा. उत्पन्न ४०० आणि सामाजिक खर्च १०० असेल तर प्रमाण २५ टक्के. उत्पन्न ३०० वर घसरले आणि खर्च कापून ८५ वर आणला, तर प्रमाण २८ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हाताऱ्या माणसाच्या हातात पंधरा टक्के कमी पैसे येत आहेत आणि तक्त्यात तो देश पूर्वीपेक्षा अधिक उदार दिसतो आहे. वरच्या देशांच्या जवळ सरकल्यामुळे अभिसरणाच्या गणितातही तो चांगला विद्यार्थी ठरतो. मला हे उदाहरण फार अस्वस्थ करते. टक्केवारीच्या मागे माणसे असतात, आणि इथे टक्केवारी माणसांच्या विरुद्ध दिशेने गेलेली आहे.

आणखी दोन बाबी थोडक्यात सांगतो. डेन्मार्क आणि स्वीडन दिलेल्या भत्त्यांवर बऱ्यापैकी प्राप्तिकर घेतात, म्हणून त्यांचा एकूण खर्च मोठा आणि निव्वळ खर्च त्यापेक्षा बराच लहान असतो. नेदरलँड्समध्ये २००६ साली आरोग्यविमा सर्वांना सक्तीचा, पण खाजगी कंपन्यांमार्फत झाला, आणि तो खर्च मोजण्याच्या पद्धतीनुसार "सार्वजनिक" या रकान्यात धरायचा की नाही यावर त्या देशाचे स्थानच बदलते. डॉक्टर तेच, रुग्ण तेच, हप्ता भरणेही बंधनकारकच. रकाना तेवढा निराळा.

एवढी सावधगिरी घेतल्यावर माझे मत असे आहे. पश्चिम युरोपापुरते १९८० पासून पाहिले तर मागचे देश पुढे आले आणि पसारा कमी झाला, पण सगळे एका बिंदूकडे चालले आहेत असे दिसत नाही. आणि जे झाले ते एकत्रीकरणामुळे झाले, हे नुसत्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

कराडहून

सातारच्या सरांनी शेवटच्या वाक्यात जे म्हटले आहे तिथूनच पुढे लिहितो, कारण दक्षिण युरोपाचा इतिहास पाहिल्याशिवाय पोर्तुगाल आणि ग्रीसचे आकडे समजत नाहीत.

पोर्तुगालमध्ये हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली, ग्रीसमधली लष्करी राजवट त्याच वर्षी गेली, आणि स्पेनमध्ये फ्रँको १९७५ मध्ये वारला. तिथल्या लोकांना पहिल्यांदाच किंवा अनेक वर्षांनंतर मताचा अधिकार मिळाला, आणि त्यांनी पहिल्यांदा मागितल्या त्या गोष्टींत दवाखाना आणि पेन्शन या होत्या. पोर्तुगालने राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा १९७९ मध्ये केला, ग्रीसने १९८३ मध्ये, स्पेनने १९८६ मध्ये. ग्रीस युरोपीय समुदायात १९८१ मध्ये दाखल झाला, स्पेन आणि पोर्तुगाल १९८६ मध्ये. पोर्तुगालची आरोग्यसेवा प्रवेशाच्या सात वर्षे आधीची आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. लोकशाही, वाढते उत्पन्न, वाढते आयुर्मान आणि युरोपातला प्रवेश या चारही गोष्टी एकाच दशकात एकमेकींत मिसळून आल्या. प्रवेशाला श्रेय द्यायचे असेल तर एवढेच म्हणता येईल की शेजारी काय मिळते हे त्या मतदारांना रोज दिसू लागले आणि आपल्या सरकारकडे बोट दाखवायला त्यांना एक माप मिळाले. ही गोष्ट लहान नाही, पण ती हळदीच्या भावासारखी आपोआप घडणारीही नाही.

विद्यार्थ्याला हेही सांगावे की युरोपचा एकत्र बाजार ज्यातून उभा राहिला तो रोमचा करार होण्यापूर्वी हाच प्रश्न युरोपात रीतसर विचारला गेला होता. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्वीडिश अर्थतज्ज्ञ बर्टिल ओलीन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाजार एक करण्याआधी मजुरी आणि सामाजिक विम्याचा भार समान करावा लागेल का, हा तिच्यापुढचा मुद्दा होता. समितीने नाही असे उत्तर दिले, कारण देशादेशांतल्या मजुरीतला फरक मुख्यतः उत्पादकतेतल्या फरकातून येतो, आणि ज्या देशात कामगारामागे अधिक उत्पादन निघते तो देश अधिक भार सहज उचलू शकतो. बेल्जियमचे परराष्ट्रमंत्री पॉल-आंरी स्पाक यांच्या समितीचा त्याच वर्षीचा अहवालही बहुतांशी याच विचाराचा होता. फ्रान्सला हे मान्य नव्हते. स्त्री-पुरुषांना समान वेतनाचे तत्त्व फ्रान्सच्या कायद्यात होते, आणि ज्या उद्योगांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करत, विशेषतः कापड उद्योगात, तिथे शेजारी स्वस्त श्रमाच्या बळावर आपल्याला मागे टाकतील अशी त्यांची भीती होती. म्हणून १९५७ च्या करारात समान वेतनाचे कलम ११९ आले. पेन्शन, बेकारी भत्ता आणि आरोग्यविमा मात्र ज्या त्या देशाकडेच राहिले, आणि मुख्यतः आजही तिथेच आहेत.

इथे एक भेद करायला हवा, जो वर्गात बऱ्याचदा निसटतो. युरोपने नियम जुळवले, खर्च जुळवला नाही. प्रसूती रजा किमान चौदा आठवडे असावी हा १९९२ चा निर्देश, आठवड्याचे काम सरासरी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त नसावे हा १९९३ चा निर्देश, हे सगळ्यांना लागू आहेत. खर्च जुळवायचा तर पैसा लागतो, आणि संघाचे स्वतःचे अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का एवढेच आहे. एवढ्या पैशात कोणाचे पेन्शन कोणाच्या बरोबरीला आणणार?

"सगळे खालच्या पातळीवर येतील" या मताबद्दलही लिहितो. कंपनी कराचे दर खरोखरच घसरले. आयर्लंडने २००३ मध्ये १२.५ टक्के दर लागू केला, आणि अखेर २०२१ मध्ये १५ टक्क्यांची किमान मर्यादा घालण्यावर १३० हून अधिक देशांची सहमती करावी लागली. तरीही एकूण सामाजिक खर्च कोसळला नाही. कंपन्यांकडून सुटलेला भार मूल्यवर्धित करावर आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर सरकला. खर्च टिकला, तो देणारा बदलला. मला विचाराल तर एकत्रीकरणाचा सर्वांत ठळक परिणाम इथे शोधावा.

द्राक्षबाग, तासगाव

मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे, पण तीस वर्षे द्राक्षबाग करतो, त्यामुळे मॅडमनी सांगितलेल्या दुसऱ्या मताबद्दल अनुभवातून लिहितो.

२०१० च्या हंगामात आमची द्राक्षे युरोपच्या बंदरांवर अडली. क्लोरमेक्वाट या संजीवकाचे, आम्ही ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे, अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते. तोपर्यंत निर्यातीच्या तपासणीत ते बघितलेच जात नव्हते. माल कंटेनरमध्ये, पैसे अडकलेले, आणि बागेवरचे कर्ज इथे चढते. त्या वर्षी मला समजले की स्वतःच्या बाजारात विकणारा माणूस पावसाला भितो, परक्या बाजारात विकणारा पावसाला भितोच आणि त्याशिवाय हजारो मैलांवरच्या प्रयोगशाळेतल्या एका आकड्यालाही भितो. अशा माणसाला भाव वाढवून नको असतो, पडल्यावर धरायला कोणीतरी हवे असते.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९७८ मध्ये आणि अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी १९९८ मध्ये आकडेवारीवरून हेच दाखवले की ज्या देशांचा व्यापार अधिक खुला, त्यांचे सरकारही साधारणपणे मोठे असते. स्वीडन, ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स हे लहान देश जगाच्या बाजारावर अवलंबून होते, म्हणून त्यांनी आपल्या लोकांसाठी भक्कम सामाजिक विमा उभा केला.

परंतु कराडच्या मित्रांच्या म्हणण्याशी मी या ठिकाणी थोडा असहमत आहे. नुसता व्यापार खुला होऊन संरक्षण येत नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार १९९४ पासून आहे, मेक्सिको त्याच वर्षी ओईसीडी या मुख्यतः प्रगत देशांच्या गटात गेला, आणि सामाजिक खर्चाच्या बाबतीत तो आजही त्या गटाच्या तळाच्या देशांतच आहे. जोखीम तिथल्या मका पिकवणाऱ्याचीही वाढली. ती जोखीम सरकारच्या दारात नेऊन ठेवणारी संघटना नसली तर ती शेतकऱ्याच्याच अंगणात राहते. आपण मतदाराला श्रेय दिलेत. मी म्हणेन की मतदार पुरेसा नाही, संघटित मतदार हवा.

याच तालुक्यातले उदाहरण देतो. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, ते विसापूरचे. साठच्या दशकात या कल्पनेचा पहिला प्रयोग तासगाव भागात झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर सगळ्या देशासाठी कायदा केला. योजना चालवण्यासाठी राज्याने १९७५ पासून नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. तो कर आजही पगारातून कापला जातो. शहरातल्या पगारदाराने गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी द्यायची, असा तो करार होता. एका तालुक्यातली योजना देशाची झाली, याला बाजाराची ओढ कारण नव्हती. दुष्काळ, मोर्चे आणि एक चिकाटीचा माणूस ही कारणे होती.

सीमेवरून, म्हैसाळ

वरील चर्चा वाचून एक जवळचे उदाहरण लिहावेसे वाटले. आमचे गाव मिरज तालुक्यात आहे आणि पलीकडचे कागवाड कर्नाटकात. बाजार केव्हाचा एकच आहे: ऊस तिकडचा इकडे येतो, दूध इकडचे तिकडे जाते, सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत, आणि जुलै २०१७ पासून दोन्हीकडे एकच जीएसटी आहे.

माझ्या दोन चुलत बहिणी आहेत. एक इथेच दिली आहे, दुसरी कागवाडला. कर्नाटकात २०२३ मध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, महिना २,००० रुपये. मध्य प्रदेशात त्याच वर्षी लाडली बहना सुरू झाली होती. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, महिना १,५०० रुपये. एका राज्याने दिले की शेजारच्या राज्याला द्यावेच लागते, आणि कोणतेही अर्थशास्त्र न शिकता आमच्या गावातल्या बायका हे नेमके ओळखून होत्या. इकडे योजना येण्यापूर्वी वर्षभर पाणवठ्यापासून बचत गटापर्यंत एकच बोलणे चालू होते, की तिकडे दोन हजार मिळतात. त्यामुळे पाहून पाहून सारखे होणे हे खरोखर घडते, असे मला वाटते.

तरीही ते सारखे झालेले नाही, आणि मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. कर्नाटकातली योजना शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या स्त्रीला मिळते. कागवाडच्या घरात ती नोंद सासूची आहे, म्हणून दोन हजार सासूच्या खात्यात येतात आणि माझ्या बहिणीच्या नावावर काही येत नाही. इथल्या घरात नियमानुसार सून आणि पासष्टच्या आतली सासू या दोघींनीही अर्ज केले, दोघींनाही दीड-दीड हजार येतात. म्हणजे एका घरात दोन हजार, दुसऱ्या घरात तीन हजार. एका स्त्रीला मिळणारी रक्कम पाहिली तर कर्नाटक उदार, घर पाहिले तर महाराष्ट्र. दिवाळीला दोघी माहेरी आल्या तेव्हा इथली बहीण तिच्या पैशातून मुलीला सायकल घ्यायचे ठरवत होती, आणि कागवाडची गप्प बसून होती. तिला पैसे हवे होते असे नव्हे. तिच्या नावाचा मेसेज तिच्या मोबाइलवर यावा एवढेच तिचे म्हणणे होते.

म्हणून मला असे वाटते की खर्च किती, यापेक्षा हक्क कोणाचा, हे विचारावे. राज्यांनी एकमेकांकडून आकडा उचलला, नियम उचलला नाही.

अर्थवाचक, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. म्हैसाळच्या मित्रांचे उदाहरण मी त्यांच्या परवानगीने वर्गात सांगेन. त्यावरून आठवले की वृद्धांच्या पेन्शनमध्येही हेच दिसते: केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत कित्येक वर्षे २०० रुपयेच आहे, त्यावर भर घालून महाराष्ट्र १,५०० रुपये देतो, आणि आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये हीच रक्कम ४,००० वर नेली. एक देश, एक चलन, एक कर, आणि तरीही एवढे अंतर. शिवाय इथे वित्त आयोग आहे. पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, आणि गरीब राज्यांना त्यात झुकते माप असते. युरोपकडे एवढ्या प्रमाणात असे काही नाही, म्हणजे तिथे अंतर राहणे अधिकच स्वाभाविक मानावे लागेल.

दोन शंका उरतात. युरोपीय संघाच्या देशांवर तुटीची जीडीपीच्या ३ टक्के आणि कर्जाची ६० टक्के ही मर्यादा आहे. हात असे बांधलेले असताना सगळ्यांचा खर्च एका साच्यात येत नाही का? आणि माणसे जर मोकळेपणाने दुसऱ्या देशात जाऊ शकतात, तर जास्त देणाऱ्या देशाकडे ती जाणार नाहीत का, आणि त्यामुळे त्याला देणे कमी करावे लागणार नाही का?

निवृत्त सांख्यिकी शिक्षक, सातारा

पहिल्या शंकेपुरते लिहितो. युरो चलनाचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिक्टच्या करारातली ती मर्यादा तुटीवर आहे, खर्चावर नाही. जास्त कर घेऊन जास्त खर्च करणाऱ्या डेन्मार्कसारख्या देशाने शिस्त पाळली, आणि कमी खर्च करणाऱ्या देशांनाही ती मोडता आली. मर्यादेचा खरा दाब संकटाच्या वर्षी पडतो, आणि तोही सगळीकडे सारखा काम करत नाही.

लॅटव्हियाचे उदाहरण वर्गासाठी उपयोगी पडेल. २००९ मध्ये, परकीय कर्जाच्या अटी डोक्यावर असताना, तिथल्या सरकारने पेन्शन दहा टक्क्यांनी आणि नोकरी करत असलेल्या पेन्शनरांचे तर सत्तर टक्क्यांनी कापले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही कपात घटनाबाह्य ठरवली आणि कापलेले पैसे परत करायला लावले. लॅटव्हिया युरोपातला कमी खर्च करणारा देश आहे. तरीही तिथल्या वृद्धाला न्यायालयात जाऊन उभा राहता येईल असा हक्क होता. टक्केवारीच्या तक्त्यात ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची, हे मला चाळीस वर्षे शिकवूनही सांगता येणार नाही.

कराडहून

दुसऱ्या शंकेचे उत्तर मला एका जुन्या युरोपीय व्यवस्थेत दिसते, आणि ती समजली की हळदीची तुलना कुठे तुटते तेही समजते.

स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक विम्याचे नियम युरोपने अगदी सुरुवातीला, १९५८ मध्येच केले. पुढे १९७१ मध्ये आणि २००४ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. या नियमांनी कोणत्याही देशाचे पेन्शन बदलले नाही. त्यांनी एवढेच ठरवले की माणूस एका वेळी एकाच देशाच्या विम्यात असेल, शक्यतो जिथे काम करतो तिथल्या. त्याला तिथल्या नागरिकासारखेच वागवले जाईल. आणि वेगवेगळ्या देशांत भरलेली वर्षे हक्क ठरवताना एकत्र मोजली जातील. म्हणजे फरक नाहीसा करण्याऐवजी फरकासकट जगता येईल अशी सोय केली गेली. माझ्या मते युरोपातले खर्च इतकी वर्षे वेगळे राहू शकले याचे एक मोठे कारण हेच आहे: माणसाचे नुकसान होत नसेल तर देशांनी एकसारखे होण्याची निकड राहत नाही.

आपल्याकडे विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात. त्यांच्या दुकानात राबणाऱ्या कारागिराने वीस वर्षे तमिळनाडूत आणि दहा वर्षे बंगालमध्ये काढली तर म्हातारपणी त्याच्या हातात कोणत्या राज्याचे काय येते, हे आपल्या विद्यार्थ्यांना एखाद्या सुट्टीत गावी जाऊन विचारून यायला सांगावे. पोर्तुगालमध्ये दहा वर्षे आणि लक्झेंबर्गमध्ये वीस वर्षे काम केलेल्या गवंड्याला दोन्ही देशांकडून, ज्याच्या त्याच्या नियमाने, दोन वेगळी पेन्शन दरमहा मिळतात.